पिकल्या केळ्याचा वास

माझ्या घरात प्रसादाच्या शिऱ्यात केळं पडत नाही. सुनेला वाटतं, मला केळ्याने खोकला होतो. नवऱ्याला वाटतं, म्हातारीची लहर. त्याला स्वतःला रोज सकाळी एक केळं लागतं, ते मी मुकाट्याने सोलून देते. पण शिऱ्यात घालायचं म्हटलं की नाही म्हणजे नाही. यामागचं खरं कारण गेल्या महिन्यापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेत पस्तीस वर्षं मुलांना 'खरं बोला' म्हणून शिकवलं, आणि स्वतः मात्र हे पोटात घालून बसले. आता लिहितेय तर लाज वाटतेय. वाटू दे. वाटायलाच हवी.

लालबागला आमची चाळ होती, दुसऱ्या मजल्यावर मधली खोली. आई, बाबा, माझे दोन धाकटे भाऊ, मी आणि आपा. आपा म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. त्याची बायको लग्नानंतर वर्षभरातच गावी वारली, मूलबाळ नाही, म्हणून तो आमच्याकडेच राहायचा. राहायचा म्हणजे काय, गॅलरीत वळकटी आणि खोलीत एक खुंटी, एवढाच त्याचा संसार. गिरणीत तो साच्यावर होता, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. त्या खात्यातल्या खडखडाटाने त्याचे कान अर्धेअधिक गेले होते. त्यामुळे तो स्वतः मोठ्याने बोलायचा आणि आम्हीही त्याच्याशी ओरडूनच बोलायचो. पाहुण्याला वाटायचं, यांच्यात भांडण लागलंय. सकाळी भोंगा, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग आईचा पाटा-वरवंटा आणि या सगळ्यावर आपाचा आवाज: "बाय, माझो डबो खय?" बाय म्हणजे मी. डब्यात कुळथाची पिठी नाहीतर सुका बांगडा. तो वास आमच्या चादरींना, दप्तरांना, माझ्या वेणीलासुद्धा यायचा. आज तो वास यावा म्हणून मी माटुंग्याच्या बाजारात सुका बांगडा शोधत फिरते. तेव्हा मात्र तो नकोसा झाला होता.

चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक रिकामं खोकं पडलेलं असायचं. एका वर्षी त्यात मधमाश्या येऊन बसल्या. चाळीतली माणसं रॉकेल घेऊन वर निघाली होती. आपा त्यांना आडवा आला. त्याच्या लहानपणी गावात कुणी सरकारी माणूस माश्या पाळायला शिकवायला आला होता, त्याच्या मागे मागे हा पोरगा हिंडला होता. "सातेरी आसा ती," तो सगळ्यांना ओरडून सांगत होता, "गरीब माशी. उगाच कोणाच्या वाटेक जावची नाय." त्याने फळकुटं जमवून स्वतः पेटी बनवली, आत लाकडी चौकटी बसवल्या, आणि त्या खोक्यातल्या पोळ्याच्या वड्या कापून एकेका चौकटीला केळीच्या सोपटाच्या धाग्याने बांधल्या. पेटीच्या एका बाजूला त्याने काच लावली. देवाची तसबीर फुटली होती, तिची उरलेली काच. काचेवर जुन्या लुगड्याचा पडदा. पडदा सारला की आतलं सगळं राज्य दिसायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आपा चाळीतल्या मुलांना वर न्यायचा. आठ-दहा मुलं असू आम्ही. तो गुडघ्यावर बसायचा, गाल पेटीच्या फळीला लावायचा आणि डोळे मिटायचा. कानाने ऐकू यायचं नाही ना, म्हणून गालाने ऐकायचा. "आज खुशीत आसत," म्हणायचा. मग पडदा सारायचा. गिरणीत काम करणाऱ्यांची आम्ही मुलं, त्यामुळे तो आम्हाला गिरणीच्याच भाषेत समजवायचा. ही बघा, आजच जन्माला आलेली माशी. हिला लगेच बाहेर पाठवत नाहीत. आधी खोल्या झाडायच्या, मग पिल्लांना भरवायचं, मग मेणाचं बांधकाम, मग दारावर पहारा, आणि सगळ्यात शेवटी फुलांवर. "म्हणजे बदली कामगार, मिळेल त्या खात्यात," एक मुलगा म्हणाला, तसा आपा पोट धरून हसला. मी विचारलं, "आणि राणी मालकीण ना?"

"मालकीण कसली गो! ती पण कामगारच. दीसभर अंडी घालता. तिका रजा नाय की पाळी बदलूची नाय. मालक हयसर कोणच नाय, बाय. म्हणान तर पेटी चलता."

हे आम्हाला भारी आवडायचं. घरी जाऊन आम्ही सांगायचो की माश्यांच्या गिरणीत मालकच नसतो, आणि बाबा म्हणायचे, "आपल्या गिरणीत येऊ देत मग त्या."

गच्चीच्या दारात आपाचा एक नियम होता. वर यायच्या आधी प्रत्येकाने हात पुढे करायचे आणि आपा ते हुंगायचा. डोक्याला वासाचं तेल चालायचं नाही, गजरा चालायचा नाही, पण सगळ्यात वाईट केळं. केळं खाल्लेला मुलगा असला की त्याला सरळ खाली पिटाळायचा. कारणही सांगायचा. माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास आला की बाकीच्यांना कळतं, कुणीतरी घरावर चालून आलंय. "मगे सगळीजणां धावतत. तेंची चूक नाय. तेंका वाटता, आपल्या बहिणीक कोणी मारल्यानी." पुढे पुढे त्याने हात हुंगायचं काम मला दिलं. पेटीच्या दारावर जशा पहारेकरी माश्या असतात, तशी मी. काय रुबाब होता माझा! दोन इयत्ता वरच्या मुलांनासुद्धा मी दारात उभी करून हुंगायची आणि "जा, साबण लावून ये" म्हणून परत पाठवायची. वर्षातून एकदा आपा थोडा मध काढायचा, मुलांच्या बोटाला एकेक थेंब लावायचा आणि उरलेला बाटलीत भरून फळीवर ठेवायचा. मला खोकला झाला की त्यातला चमचाभर.

मग मला दादरच्या शाळेत घातलं. बाबांना फार हौस, मुलगी चांगल्या शाळेत गेली पाहिजे. तिथे माझ्या बाकावर सुलभा होती. शिवाजी पार्कला राहणारी, वडील मोठ्या कचेरीत. ती आईबाबांना 'अहो' म्हणायची. आमच्याकडे आपाला, बाबांना, सगळ्यांनाच 'तू' म्हणायचं, आणि त्यात काही कमी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून एकदा "माका नको" असं गेलं, तर अख्खा वर्ग हसला. सुलभा हसली नाही. ती एकटीच हसली नाही, म्हणून मी तिच्यावर जीव टाकला. तिच्याशिवाय मला त्या शाळेत मैत्रीणही नव्हती. आणि तिच्यासाठी मी हळूहळू घरातल्या एकेका गोष्टीची लाज बाळगायला लागले. डबा झाकून खायचा. वेणी दोनदा धुवायची. एके दिवशी घरी आपाला म्हणाले, "काका, तुम्ही जेवलात का?" आपा इकडे तिकडे बघून विचारतो, "कोण इलो?" त्याला वाटलं, मागे कुणी पाहुणा उभा आहे. सगळे हसले. मी मात्र त्याच्यावरच फणकारले. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच कुणीतरी माझ्या एक थोबाडीत ठेवून द्यायला हवी होती.

माझ्याकडे सुलभाला दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती पेटी. मी तिला माश्यांच्या गोष्टी सांगायची आणि ती डोळे मोठे करून ऐकायची. चाळीची सत्यनारायणाची पूजा ठरली, तेव्हा मी तिला बोलावलं. तिच्या घरून परवानगी मिळाली हेच मला नवल वाटलं. त्या दिवशी शिऱ्यासाठी केळी कुस्करायचं काम माझ्याकडे होतं. परातभर केळी, अगदी काळ्या सालीची, घमघमीत. कोपरापर्यंत हात भरले होते माझे. वरवर हात धुऊन मी सुलभाला घ्यायला खाली धावले. ती फिक्या निळ्या फ्रॉकमध्ये आली. तीर्थप्रसाद झाला. तिने शिरा बोटांनी चाटूनपुसून खाल्ला आणि म्हणाली, "किती मस्त आहे गं! आता माश्या दाखव ना."

आपा पहिल्या पाळीला गेला होता. चारच्या आत येणार नव्हता. आणि त्याच्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, हा नियम माझ्यासाठीही होता. मी म्हणाले, "चल. काका मला एकटीला उघडू देतात." पहिलं खोटं ते.

गच्चीच्या दारात मी थांबले. सवयीने थांबले. हात हुंगायचे होते, तिचे आणि माझेही. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मनात आलं, हिला मी हात पुढे कर म्हणून सांगू? आणि जनावरासारखे हुंगू? ही काय म्हणेल, यांच्याकडे काय ही गावंढळ रीत! धुवायला न्यायचं तरी कुठे, तर संडासाशेजारच्या सामाईक नळावर, जिथे आधीच चार बायका भांडी घेऊन बसल्या होत्या. मला नियम ठाऊक नव्हता असं नाही. विसरले असंही नाही. मला लाज वाटली. आपाची लाज वाटली. म्हणून मी कडी काढली आणि म्हणाले, "ये ना, ये."

पडदा सारला असता तरी पुरलं असतं. काचेतून सगळं दिसत होतंच. पण मला तिच्यासमोर शूर व्हायचं होतं. आपा आधी धूर करून माश्यांना शांत करायचा; मी तोही न करता झाकण उचललं आणि केळ्याचा वास असलेला तो हात चौकटीला घातला. आवाज बदलला. आधी जो सुरात चाललेला गुणगुणाट होता, तो एकदम चढला. मला कळलं, पण हातातून चौकट निसटली आणि दाणकन पेटीवर आदळली. पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. सुलभाची किंकाळी. तिचा फ्रॉक. तिच्या केसांत गुंतलेल्या माश्या. ती तोंडावर हात घेत होती, आणि हातालाच तर तो वास होता. मलाही दहा-बारा डंख बसले, पण ते त्या वेळी कळलेच नाहीत. चाळीतल्या दोघांनी घोंगडी टाकून आम्हाला खाली आणलं. खालच्या डॉक्टरांनी येऊन सुलभाला इंजेक्शन दिलं. तिचा एक डोळा पूर्ण मिटला, ओठ सुजून उलटे झाले. आमच्या खाटेवर ती कण्हत पडली होती, आणि तो फिका निळा फ्रॉक आईच्या चादरीवर, बांगड्याच्या वासात.

वाण्याच्या दुकानातून फोन गेला आणि तिचे वडील टॅक्सीने आले. उंच, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आवाज चढवला नाही. तेच जास्त भीतीचं होतं. "पेटी कोणाची?" कुणीतरी म्हणालं, आपाची. "मग मुली तिथे गेल्या कशा?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आई, बाबा, चाळीचे सेक्रेटरी अण्णा, पूजेला आलेली सगळी माणसं. मी सुलभाकडे बघितलं. हिच्या घरच्यांनी आता हिला माझ्याशी बोलू दिलं नाही तर? एवढंच डोक्यात होतं. मी म्हणाले, "काकांनीच सांगितलं होतं. म्हणाले, तू दाखव तिला, मी झाकण सैल करून ठेवलंय."

इतकं तपशीलवार खोटं मला कसं सुचलं, देव जाणे. झाकण सैल करून ठेवलंय! कुणी विचारलंही नव्हतं.

थोड्या वेळाने आपा आला. हातात रिकामा डबा, केसांत कापसाची धूळ. अण्णा त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगू लागले, म्हणजे चाळीतल्या तीनही मजल्यांना माझं खोटं पुन्हा एकदा ऐकू गेलं. आपाने सगळं ऐकून घेतलं. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "हात दी," म्हणाला. मी हात दिले. त्याने नखाने खरवडून एकेक काटा काढला. काटा चिमटीत धरायचा नाही, विष आत जातं, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. सगळे काटे निघाल्यावर त्याने माझे दोन्ही हात नाकाशी नेले आणि हुंगले.

त्याने वर बघितलं. तो रागाने बघेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं त्या बघण्यात. तो वाट बघत होता. मी बोलेन म्हणून वाट बघत होता. मोजून चार श्वास घेण्याएवढा वेळ त्याने मला दिला. मी हात ओढून घेतले.

मग तो उठला, सुलभाच्या वडिलांसमोर गेला आणि हात जोडले. परक्यांशी बोलताना तो जपून, शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायचा. "साहेब, चूक माझी. मीच पोरीला सांगितलं होतं."

"आत्ताच्या आत्ता ती पेटी इथून गेली पाहिजे," ते म्हणाले. "मी इथे असताना."

"जाईल, साहेब. फक्त तिन्हीसांजा होऊ द्या. निम्म्या माश्या कामावर गेल्यात. त्या घरी आल्या की दार बंद करून नेतो."

"आत्ताच्या आत्ता," अण्णाही म्हणाले. आई आपावर तोंडाला येईल ते बोलली, माझी पोर मारायला निघाला होतास म्हणाली. आपाने वर जाऊन पेटीचं दार चिंधीने बंद केलं, ओल्या गोणपाटात ती गुंडाळली आणि डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या देखत जिना उतरला. माटुंग्याला एका बंगल्याच्या बागेत त्याच्या ओळखीचा माळी होता, त्याच्याकडे नेली. वाटेत कुणी बसमध्ये घेतलं नसणार. चालतच गेला असेल.

टॅक्सी गेली, पूजेची माणसं पांगली आणि संध्याकाळी मी गच्चीवर गेले. टाकीमागे चार विटा तेवढ्या राहिल्या होत्या. आणि कामावर गेलेल्या माश्या परत येत होत्या. पायांना परागांचे पिवळे गोळे लावून, दिवसभराचं काम घेऊन येत होत्या आणि जिथे दार होतं त्या जागी घिरट्या घालत होत्या. उतरायला काहीच नव्हतं. एकेक करून त्या भिंतीवर बसल्या, एकमेकींना धरून, मूठभर. दुसऱ्या दिवशीही तिथेच होत्या. तिसऱ्या दिवशी भिंतीखाली पडलेल्या होत्या. मी त्या केरसुणीने गोळा केल्या, कारण आईने गच्ची झाडायला सांगितली होती.

त्याच आठवड्यात आपाने वळकटी उचलली आणि चिंचपोकळीला गावकऱ्यांच्या खोलीत राहायला गेला. एका खोलीत वीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं. जाताना त्याने फळीवरची मधाची बाटली मात्र नेली. आई म्हणाली, "बघा, मध न्यायला बरा विसरला नाही!" आणि खरं सांगते, मलाही ते लागलं. तो मध माझ्या खोकल्याचा ना? एवढं सगळं करून वर मलाच राग आला होता. सुलभा पंधरा दिवसांनी शाळेत आली आणि माझ्या शेजारीच बसली. मला वाटलं, सुटले.

पुढे आपा गावी गेला. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी बाबांबरोबर गेले, तेव्हा त्याच्या परसात दोन पेट्या होत्या. तो पार बहिरा झाला होता. पेट्या बघू म्हणून मी खूण केली, तर वाटेत उभा राहून म्हणाला, "हात दी." लग्न ठरलेल्या मुलीचे हात त्याने लहानपणीसारखे हुंगले आणि मिश्कीलपणे म्हणाला, "केळा नाय. ये." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं आणि ते मनातून त्याने केव्हाच काढून टाकलं होतं. तेव्हा तरी बोलायचं. बाबा जवळच उभे होते, त्यांच्यासमोर बोलायचं. मी हसले. तो चेष्टा करतोय असं दाखवून हसले. वर्षभराने तो गेला.

सुलभा मात्र आयुष्यभर माझ्याबरोबर राहिली. तिच्या बाळंतपणात मी, माझ्या ऑपरेशनला ती. आणि प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नात ती तो किस्सा सांगायची: "हिचे एक काका होते, वल्ली! आम्हा पोरींना म्हणाले, जा, उघडा पेटी. अशी फुगले होते मी!" लोक हसायचे. मीही हसायची. किती वर्षं हसले असेन.

गेल्या महिन्यात तिच्या सोसायटीत मुलांसाठी मधमाश्यांचा कार्यक्रम होता. मी नातीला, मुक्ताला, घेऊन गेले. विशी-बाविशीची एक मुलगी काचेची पेटी घेऊन आली होती. गोड मुलगी. मुलांना राणी दाखवत होती, कामकरी दाखवत होती. सुरुवातीला तिने विचारलं, "सकाळी केळं खाऊन किंवा हाताळून कोण आलंय? त्यांनी जरा लांब बसायचं हं." मुलं खिदळली. नवऱ्याचं केळं मी तासाभरापूर्वीच सोललं होतं. मी हात वर केला.

"अगं, तू कसली हात वर करतेस!" सुलभा म्हणाली, आणि मुलांकडे वळून सुरू झाली. "मुलांनो, या आजीचे एक काका होते बरं का..." नेहमीचा किस्सा, नेहमीच्या हातवाऱ्यांसकट. मुलं हसून लोळली. मुक्ता टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, किती वेडे होते तुझे काका!"

सात वर्षांची पोर. तिने आपाला बघितलेलं नाही. तिच्या लेखी आपा म्हणजे एवढंच राहणार होतं.

"काकांनी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "काका तर कामावर गेले होते. पेटी मी उघडली. हात नीट धुतले नव्हते तरी उघडली. आणि नाव त्यांच्यावर घातलं."

मुक्ताने विचारलं, "मग तू सॉरी म्हणालीस?"

"नाही."

पेटी घेऊन आलेल्या त्या शहाण्या मुलीने पटकन पेटीचा पडदा सारला, मुलांना जवळ बोलावलं, आणि मी कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने सुलभा आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते आमच्या घरी आले होते. तुला ठाऊक आहे?"

"कोण?"

"तुझे काका. मी अजून अंथरुणातच होते. दारात उभे होते, हातात मधाची बाटली. बाबांनी बाटली घेतली नाही. आत या असंही म्हणाले नाहीत. तरी ते हलेनात. सारखे हात जोडत होते. मी पडद्यामागून ऐकलं सगळं. म्हणाले, साहेब, राग माझ्यावर धरा, पण आमच्या पोरीशी बोलणं तोडू नका. तिला त्या शाळेत दुसरी मैत्रीण नाही. त्या रात्री बाबा मला म्हणाले, बोल तिच्याशी, तिचा काही दोष नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला हे माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. तिने माझा हात धरला नाही, आणि ती उठूनही गेली नाही.

पेटीपाशी मुक्ताचा नंबर आला होता. तिने गाल काचेला लावला आणि लांबूनच मला हाका मारायला लागली, "आजी, ये ना, राणी दिसतेय!" मी मानेनेच नाही म्हटलं. माझ्या हाताला केळ्याचा वास होता, आणि वास असला की पेटीजवळ जायचं नाही.